डार्टमूर: चढ सोपा, वाट फसवी

आज इंग्लंडच्या डार्टमूर माळावर जाऊया. इथलं सर्वोच्च टोक हाय विलहेज, उंची फक्त ६२१ मीटर. शेजारचं यस टॉर ६१९. चढ सोपाच, पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, दोन्ही टोकं लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या हद्दीत येतात. वेळापत्रक आधीच जाहीर होतं, ते बघून दिवस ठरवा. हद्दीवर लाल निशाण फडकत असेल तर आत जायचं नाही.

दुसरी, दलदल. खाली ग्रॅनाइट, पाणी धड मुरत नाही. हिरवंगार शेवाळ दिसलं की वळसा घाला.

तिसरी, धुकं. खुणेचे खडकच दिसेनासे होतात. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. मी तर म्हणेन, नकाशा आणि होकायंत्र वापरता येत नसेल, तर माहीतगार माणसाबरोबरच जा.