पोर्ट केम्बलाचा पोरगा आणि राजाघरचा हिशोब

मंडळी, राणीचा आणि तिच्यानंतर राजाचा ऑस्ट्रेलियातला प्रतिनिधी म्हणून पाच वर्षे कॅनबेराच्या सरकारी वाड्यात राहिलेला माणूस आपल्याच गावचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? डेव्हिड हर्ली यांचा जन्म ऑगस्ट १९५३ मधला, वॉलॉंगॉंगचा. वडील पोलाद कारखान्यात कामगार, आई किराणा दुकानात कामाला, शाळा पोर्ट केम्बला हायस्कूल. फेब्रुवारी १९५४ मध्ये तरुण एलिझाबेथ राणी वॉलॉंगॉंगला येऊन गेली तेव्हा हे बाळ जेमतेम सहा महिन्यांचे. पुढे ते सैन्यात गेले, सरसेनापती झाले, २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर आणि १ जुलै २०१९ पासून गव्हर्नर-जनरल. भट्टीच्या धुरातून निघून पार राजाच्या खुर्चीशेजारी! आम्हाला याचा अभिमान आहे. आमची मुलेही याच गावच्या शाळांतून शिकली.

पण आज लिहायचे आहे ते हिशोबाबद्दल.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत काय होते ते आठवा. गणपतीला नारळ किती आणले, उरलेले कुठे गेले, हॉलचे डिपॉझिट परत आले का, यावर तासभर खल चालतो आणि बिचारा खजिनदार घामाघूम होतो. तेच आपण लोक राजा, राणी, राज्यपाल म्हटले की हात जोडून उभे. "मोठ्या लोकांचं आपल्याला काय करायचंय?" संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने बंद झाले, पण मनातली दरबारी सवय काही गेली नाही.

इथली पद्धत निराळी आहे. खुद्द ब्रिटनमध्ये राजघराण्यातल्या कोणी कुठल्या दिवशी कुठे फीत कापली ते 'कोर्ट सर्क्युलर' नावाच्या रोजच्या निवेदनात छापून येते. टिम ओ'डोनोव्हन नावाचे एक निवृत्त विमा दलाल वर्षानुवर्षे ती टिपणे मोजत आणि कुणी किती कार्यक्रम केले त्याचा तक्ता 'टाइम्स'ला पत्राने पाठवत. राजघराण्याच्या प्रगतिपुस्तकासाठी लोक त्या पत्राची वाट बघत, आणि ॲन राजकन्येचे नाव त्यात बहुधा वरच असे. अँड्र्यू राजपुत्र २००१ ते २०११ व्यापारदूत होते, त्यांच्या विमानप्रवासावर एवढी टीका झाली की 'एअरमाइल्स अँडी' हे टोपणनाव पडले. राजघराण्याच्या हवाई आणि रेल्वे प्रवासाची तपासणी तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००५ मध्ये केली. राजवाड्याला सरकारकडून मिळणारे अनुदान २०२४-२५ साली ८ कोटी ६३ लाख पौंड होते आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी जाहीर होतो.

ऑस्ट्रेलिया राजाला पगार देत नाही. आपल्या करातून जातो तो पाहुणचाराचा खर्च (ऑक्टोबर २०२४ मध्ये चार्ल्स राजे सिडनी-कॅनबेराला आले होते तसा) आणि गव्हर्नर-जनरलचा. त्यांचा पगार घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार कारकिर्दीच्या मध्येच बदलता येत नाही, म्हणून शपथविधीच्या आधीच संसदेत ठरवतात. हर्ली यांना वर्षाला ४,९५,००० डॉलर होते. त्यांच्यानंतर जुलै २०२४ मध्ये आलेल्या सॅम मोस्टिन यांना ७,०९,०१७. आकडा ऐकून आमच्याकडे चहाच्या कपांची खळखळ झाली. खुलासा असा की, हर्ली यांना लष्कराचे निवृत्तिवेतन मिळत असल्याने त्यांचा पगार तेवढा कमी ठेवला होता. पूर्ण पगार सरन्यायाधीशांच्या पगाराकडे बघून बेततात. पटो न पटो, कारण निदान कागदावर आहे.

खरी गंमत २०२२ मधली. मार्चच्या अर्थसंकल्पात मॉरिसन सरकारने 'ऑस्ट्रेलियन फ्यूचर लीडर्स फाउंडेशन' या नव्या संस्थेला पाच वर्षांत १ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे ठरवले. तरुणांना नेतृत्वाचे शिक्षण देणार म्हणे. पत्रकार शोधायला गेले तर संस्थेला ना कचेरी, ना नोकरवर्ग. खुली स्पर्धाही झालेली नव्हती. मग कळले की या कल्पनेबद्दल हर्ली स्वतः पंतप्रधानांशी बोलले होते. झाले! सिनेटमध्ये प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. राजप्रतिनिधीने एखाद्या योजनेची शिफारस करावी का? केली तर पंतप्रधान 'नाही' कसे म्हणणार? त्यांच्या कार्यालयाचे म्हणणे असे की कल्पनेला पाठिंबा होता, पैशाच्या निर्णयात सहभाग नव्हता. मे महिन्यात सरकार बदलले आणि सप्टेंबरमध्ये आल्बनीझी सरकारने तो निधी रद्द केला.

कुणी पैसे खाल्ले असे इथे कुणीच म्हणत नव्हते. प्रश्न एवढाच होता की कुणाच्या शब्दाने कुणाची तिजोरी उघडते. आमच्या मते तो प्रश्न विचारणे रास्तच होते, आणि पोर्ट केम्बलाच्या माणसाबद्दल असला तरी होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा बाँब पडला. मॉरिसन यांनी २०२० आणि २०२१ मध्ये गुपचूप पाच खाती स्वतःकडे घेतली होती, आणि त्या कागदांवर सही हर्ली यांची. गव्हर्नर-जनरलच्या रोजच्या कार्यक्रमांची यादी प्रसिद्ध होते, शाळेला भेट, पदकप्रदान, सगळे त्यात. ही नेमणूक तेवढी त्यात नव्हती. सॉलिसिटर-जनरलनी सांगितले की पंतप्रधानांचा सल्ला नाकारण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि माजी न्यायमूर्ती व्हर्जिनिया बेल यांच्या नोव्हेंबरमधल्या अहवालातही हर्ली यांच्यावरची टीका अनाठायी ठरली. कायद्याने ते बरोबर असेलही. पण फीत कापल्याची नोंद होते आणि अर्थखात्याला दुसरा मंत्री नेमल्याची होत नाही, हे आम्हाला काही पचले नाही.

विचारायची सोय आहे, पण तिलाही कुंपण आहे. सिनेटच्या समितीपुढे गव्हर्नर-जनरल स्वतः येत नाहीत, त्यांचे सचिव येतात आणि खर्चाची उत्तरे देतात. माहिती अधिकाराखाली त्या कार्यालयाचे फक्त प्रशासकीय कागद मागता येतात. तेही किती तोकडे, ते उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका बाईंच्या दाव्यात स्पष्ट केले. १९७५ मध्ये व्हिटलम सरकार बडतर्फ करणाऱ्या जॉन कर यांची राजवाड्याशी झालेली पत्रे 'खाजगी' म्हणून कुलपात होती. इतिहासकार जेनी हॉकिंग कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे २०२० मध्ये ती उघडली. आपल्या शेजारच्या मतदारसंघाचे नाव 'व्हिटलम' आहे, तेव्हा ही गोष्ट अगदी परकी नाही.

आपल्याकडेही विचारतात, नाही असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यपाल कोश्यारी डेहराडूनला जायला मुंबईत सरकारी विमानात जाऊन बसले आणि परवानगी नाही म्हणून त्यांना उतरावे लागले. शेवटी साध्या प्रवासी विमानाने गेले. पण तो राज्यपाल-सरकार यांच्यातला रुसवाफुगवा होता. विमानाचा खर्च लोकांनी विचारला होता असे नव्हे.

आणि वॉलॉंगॉंगकरांना चौकशीचे महत्त्व कुणी शिकवायला नको. कबाबच्या दुकानाबाहेरच्या त्या प्लास्टिकच्या टेबलावर, ज्याला 'टेबल ऑफ नॉलेज' म्हणत, बिल्डर आणि कौन्सिलचे लोक बसत. २००८ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाने ते सगळे बाहेर काढले, अख्खे कौन्सिल बरखास्त झाले आणि २०११ पर्यंत आपल्या गावाला निवडून दिलेला महापौर नव्हता.

आमच्यातल्या जुन्या मंडळींनी नागरिकत्व घेताना राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. जानेवारी १९९४ पासून ती बदलली. त्यानंतर आलेल्यांनी निष्ठा वाहिली ती ऑस्ट्रेलिया आणि इथल्या जनतेला. एकाच घरात आजोबांची शपथ एक आणि नातसुनेची दुसरी, असेही आढळते. आजोबा म्हणतात, "राजाचा माणूस, त्याला काय विचारायचं?" नातसून म्हणते, "पगार कोण देतं, आजोबा?"

मोस्टिनबाईंची नेहमीची पाच वर्षे २०२९ मध्ये संपतील. त्याआधी नव्या पगाराचे विधेयक संसदेत येईल.