व्यावसायिक करभरणा, क्रेडिट कार्ड आणि रिवॉर्ड पॉइंट : माणदेशातील छोट्या व्यापाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशभर लागू झाला आणि करभरणा ही तालुक्याच्या गावातील दुकानदाराच्याही मासिक व्यवहाराची बाब बनली. प्रारंभी हा कर प्रामुख्याने नेट बँकिंग, एनईएफटी व आरटीजीएस यांद्वारे अथवा मर्यादित रकमेपर्यंत बँकेत रोखीने भरला जात असे. जानेवारी २०२४ मध्ये जीएसटी पोर्टलवर क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड व यूपीआय या मार्गांची भर पडली. ही सुविधा प्रथम महाराष्ट्रासह दहा राज्यांत उपलब्ध झाली. प्राप्तिकराचा भरणाही आयकर विभागाच्या पोर्टलवरून पेमेंट गेटवेमार्फत कार्डाने करता येतो.

या सुविधेमुळे एक प्रश्न सहजच पुढे येतो. कर भरणे अपरिहार्य आहे. मग तो क्रेडिट कार्डाने भरून त्यावर रिवॉर्ड पॉइंट का मिळवू नयेत? वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु पॉइंटचा खर्च नेमका कोण सोसतो हे तपासल्याशिवाय त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात ही यंत्रणा स्पष्ट करून माण, खटाव, आटपाडी या पर्जन्यछायेतील परिसरातील छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने तिचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. रिवॉर्ड पॉइंटचा आर्थिक उगम स्पष्ट करणे.
२. कार्डाने कर भरण्याचा खर्च व लाभ उदाहरणाने मांडणे.
३. माणदेशातील उधारीच्या व्यवहारात या मार्गाच्या मर्यादा तपासणे.

रिवॉर्ड पॉइंटचा उगम

ग्राहक दुकानात कार्डाने पैसे देतो, तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही. तीतून एक ठराविक टक्केवारी वजा होते. या कपातीस ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ अथवा एमडीआर असे म्हणतात. या कपातीचा मोठा भाग इंटरचेंजच्या रूपाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातील काही अंश बँक कार्डधारकाला पॉइंटच्या रूपाने परत करते. म्हणजेच नेहमीच्या खरेदीत ग्राहकाच्या पॉइंटचा भार प्रथम दुकानदारावर पडतो.

करभरण्यात ‘दुकानदार’ म्हणजे शासन असते. शंभर रुपये कर देय असेल, तर शासनाला शंभर रुपयेच मिळाले पाहिजेत. त्यामुळे क्रेडिट कार्डाचे शुल्क करदात्याकडून वेगळे घेतले जाते. हे सुविधा शुल्क बँक व गेटवेनुसार बदलते; ते साधारणतः एक टक्क्याच्या आसपास असते व त्यावर १८ टक्के जीएसटी आकारला जातो. याउलट रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील एमडीआर १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आला आहे. ज्या मार्गावर शुल्क नाही, त्या मार्गावर बँकेलाही पॉइंट वाटण्यासाठी उत्पन्न मिळत नाही.

यावरून असे दिसून येते की, करभरण्यावर मिळणारा पॉइंट हा करदात्याने स्वतःच भरलेल्या शुल्काचा अंशतः परतावा होय.

अन्य देशांतील अनुभवही हेच दर्शवितो. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने कार्डाद्वारे कर स्वीकारण्याचा मार्ग खुला झाला. मात्र तेथे खाजगी प्रक्रिया कंपन्या शुल्क करदात्याकडूनच वसूल करतात. ब्रिटनमध्ये वैयक्तिक कार्डांवर अधिभार लावण्यास जानेवारी २०१८ मध्ये कायद्याने बंदी आली. तेव्हा तेथील कर विभागाने शुल्क स्वतः सोसण्याऐवजी वैयक्तिक क्रेडिट कार्डाने कर स्वीकारणेच थांबविले.

पॉइंट मिळतातच असे नाही

प्रत्येक कार्ड व्यवहाराला व्यवसायवर्ग दर्शविणारा चार अंकी संकेतांक असतो. करभरण्याचा संकेतांक ९३११ आहे. त्यावरून बँकेला व्यवहाराचे स्वरूप कळते आणि अनेक बँका अशा व्यवहारांवर पॉइंट देत नाहीत. एसबीआय कार्डने जून २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर शासकीय व्यवहारांचे पॉइंट बंद केले. काही व्यावसायिक कार्डांवर करभरण्यासाठी पॉइंट दिले जातात. परंतु त्यांना मासिक मर्यादा, वार्षिक शुल्क व किमान खर्चाच्या अटी असू शकतात. या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून मागील वर्षीच्या माहितीवर विसंबून निर्णय घेणे योग्य ठरत नाही.

एक काल्पनिक उदाहरण

दहिवडी येथील एका काल्पनिक हार्डवेअर विक्रेत्याचा विचार करू. इनपुट टॅक्स क्रेडिट वजा जाता त्याला मे महिन्याचा ४०,००० रुपये जीएसटी २० जूनपर्यंत भरावयाचा आहे.

सुविधा शुल्क एक टक्का धरल्यास ४०० रुपये व त्यावरील जीएसटी ७२ रुपये, असा एकूण ४७२ रुपये खर्च येतो. व्यवसायाचा नोंदणी क्रमांक असलेले कर बीजक मिळाल्यास ७२ रुपयांचे क्रेडिट मिळू शकते. तरीही ४०० रुपयांचा भार राहतोच. त्याच्या कार्डावर दर १५० रुपयांस दोन पॉइंट मिळतात व एका पॉइंटचे मूल्य २५ पैसे आहे, असे मानू. त्यास ५३२ पॉइंट, म्हणजे १३३ रुपये मिळतील. ४७२ रुपये खर्चून १३३ रुपये मिळविणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पॉइंटचे मूल्य खर्चाच्या १.१८ टक्क्यांहून अधिक असेल, तरच हा हिशेब केवळ पॉइंटवर नफ्याचा ठरतो.

बिनव्याजी मुदतीचे मूल्य

कार्डाचा खरा लाभ पॉइंटपेक्षा बिनव्याजी मुदतीत आहे. वरील विक्रेत्याच्या कार्डाचे बिल दरमहा १८ तारखेस निघते व ते भरण्यास २० दिवस मिळतात, असे समजू. २० जूनचा व्यवहार १८ जुलैच्या बिलात येईल आणि ते ७ ऑगस्टपर्यंत भरावयाचे असेल. म्हणजे त्यास ४८ दिवस मिळाले. हीच रक्कम त्याने बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून १२ टक्के दराने उचलली असती, तर ४८ दिवसांचे व्याज सुमारे ६३१ रुपये झाले असते. येथे ४७२ रुपयांचे शुल्क देऊनही १५९ रुपये वाचतात. पॉइंट मिळाल्यास ते वेगळेच.

परंतु बिलाची तारीख २५ असेल, तर हाच व्यवहार पाच दिवसांतच बिलात येतो व १५ जुलैला पैसे भरावे लागतात. मुदत २५ दिवसांची उरते; वाचणारे व्याज सुमारे ३२९ रुपये, तर शुल्क ४७२ रुपयेच राहते. केवळ बिलाच्या तारखेमुळे लाभाचे रूपांतर तोट्यात होते. ज्याची रक्कम चालू खात्यात विनाव्याज पडून आहे, त्याला तर व्याजबचतीचा हा लाभ मुळीच मिळत नाही.

बिल थकल्यास

वरील सर्व हिशेब ‘बिल मुदतीत व पूर्ण भरले’ या गृहीतकावर उभा आहे. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत न भरल्यास बिनव्याजी सवलत जाते व व्याज व्यवहाराच्या दिनांकापासून आकारले जाते. हा दर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के मानू. विक्रेत्याने रक्कम ७ ऑगस्टऐवजी ३० दिवस उशिरा भरली, तर ७८ दिवसांचे व्याज सुमारे ३,५९० रुपये व त्यावरील जीएसटी सुमारे ६४६ रुपये होतो. सुविधा शुल्क मिळवून हा भार सुमारे ४,७०८ रुपयांवर जातो. बँकेचे विलंबशुल्क यात धरलेले नाही.

तुलनेसाठी पाहता, जीएसटी उशिरा भरल्यास वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागते. ७८ दिवसांचे ते व्याज सुमारे १,५३९ रुपये होईल. विवरणपत्राचे विलंबशुल्क दररोज ५० रुपये असून, दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यास ते प्रति विवरणपत्र २,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. एकूण भार सुमारे ३,५३९ रुपये होतो. कर थकवावा, असा याचा अर्थ नव्हे. विवरणपत्र रखडल्यास खरेदीदाराच्या इनपुट क्रेडिटला बाधा येते व व्यापाऱ्याची पत घटते. परंतु थकलेले कार्ड हे कायद्यातील दंडात्मक व्याजापेक्षाही महाग पडू शकते, हे यातून स्पष्ट होते. एका महिन्याच्या या थकबाकीचा खर्च भरून काढण्यास दरमहा १३३ रुपयांचे पॉइंट सुमारे तीन वर्षे साठवावे लागतील.

माणदेशाच्या संदर्भात

या भागातील व्यापाराचा कणा उधारी हा आहे. बियाणे, खते, पाइप, सिमेंट, किराणा हा माल अनेकदा डाळिंबाचे वा कांद्याचे पैसे हाती येईपर्यंतच्या बोलीवर दिला जातो. पाऊस लांबला की वसुलीही लांबते. जीएसटी मात्र सर्वसाधारणपणे मालाचे बीजक झाल्यावर देय होतो. ग्राहकाने पैसे दिले किंवा नाही याची तो वाट पाहत नाही. त्यामुळे व्यापाऱ्यास न मिळालेल्या रकमेवरील कर आधी स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

ही दरी कार्डाने भरून निघेल काय? कार्डाची मुदत फार तर दीड महिना. उधारी मात्र हंगामाची, दुष्काळी वर्षात त्याहूनही लांब. दीड महिन्यानंतर उधारी वसूल झालेली नसते आणि पुढील महिन्याचा कर कार्डावर आलेला असतो. अशा वेळी व्यापारी बिलाची किमान रक्कम भरून वेळ मारून नेतो आणि वार्षिक ४० टक्क्यांच्या आसपासच्या कर्जात शिरतो. ज्या व्यापाऱ्याची वसुली अनिश्चित आहे, त्याच्यासाठी हा मार्ग सर्वाधिक धोक्याचा आहे.

आटपाडी, खानापूर, माण, खटाव परिसरातून देशभर गेलेल्या गलाई व्यावसायिकांची बाब थोडी वेगळी आहे. सोन्याचांदीच्या व्यवसायात उलाढाल मोठी व नफ्याचे प्रमाण अल्प असते. कराची रक्कम मोठी असल्याने पॉइंटचा आकडाही मोठा भासतो. परंतु शुल्कही त्याच प्रमाणात वाढते. तेथेही कसोटी टक्केवारीचीच आहे.

पर्यायी मार्ग

या परिसराला बचतीची स्वतःची परंपरा आहे. म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक हे तिचे ठळक उदाहरण होय. महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला असतानाही ही बँक उभी राहिली. बाजारपेठेतील पिग्मी ठेवीची पद्धतही व्यापाऱ्यांच्या परिचयाची आहे. रोजच्या विक्रीतील कराचा अंश पिग्मीत अथवा स्वतंत्र खात्यात बाजूला काढल्यास २० तारखेची धावपळ टळते. जीएसटीची रक्कम ग्राहकाकडून शासनासाठी घेतलेली असते. ती खेळते भांडवल मानण्याची सवय हीच अडचणीचे मूळ ठरते.

भरण्यासाठी नेट बँकिंग हा विनाशुल्क मार्ग आहे. ज्यांचे खाते स्थानिक सहकारी बँकेत आहे, त्यांना चलनासोबतचा मँडेट फॉर्म घेऊन एनईएफटी वा आरटीजीएसने कर भरता येतो. चलन १५ दिवस वैध असते. पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना जानेवारी २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची योजना खुली आहे. पात्र लहान व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन योजनाही आहे.

निष्कर्ष

१. करभरण्यावरील रिवॉर्ड पॉइंट हा करदात्याच्याच शुल्कातून येणारा परतावा आहे. त्याचे मूल्य करांसह शुल्कापेक्षा अधिक असेल, तरच तो लाभ ठरतो.
२. बिनव्याजी मुदत ही पॉइंटपेक्षा अधिक मोलाची आहे. परंतु ती बिलाच्या तारखेवर व मुदतीत पूर्ण भरण्यावर अवलंबून आहे.
३. बिलाची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेल्या व कॅश क्रेडिटवर व्याज देणाऱ्या व्यापाऱ्यास हा मार्ग क्वचित उपयुक्त ठरू शकतो.
४. उधारीच्या वसुलीवर कराचे पैसे अवलंबून असणाऱ्याने हा मार्ग टाळावा.

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांनी व्याजगणित शिकविताना अशी उदाहरणे वर्गात घेतल्यास त्यांचा उपयोग परीक्षेपुरता राहणार नाही. माणदेशातील अनेक विद्यार्थी सायंकाळी घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. चलन भरण्यापूर्वी शुल्काची टक्केवारी, बिलाची तारीख व वसुलीची खात्री या तीन बाबी तपासण्याची सवय त्यांना लागली, तर तिचा लाभ त्यांच्या कुटुंबाच्या व्यवसायालाही होईल.