ढोलीला लागतात शंभर वर्षं

निलगिरी म्हटलं की आपल्याला रस्त्याकडेची सडपातळ झाडं आठवतात. तिचाच भाऊबंद असलेला ‘माउंटन अ‍ॅश’ मात्र फुलं येणाऱ्या वनस्पतींमध्ये जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी एक. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या थंड, ओल्या डोंगरांत त्याची जंगलं आहेत आणि खाली झाडासारख्या उंच नेच्यांची दाटी.

तिथे परिसंस्थाशास्त्रज्ञ डेव्हिड लिंडेनमायर यांनी १९८३ मध्ये लेडबीटर्स पॉसम या मुठीएवढ्या निशाचराचा अभ्यास सुरू केला. हा प्राणी नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९६१ मध्ये तो पुन्हा सापडला. मोजणीची रीत साधी, पण चिकाटीची: संध्याकाळी जुन्या झाडाखाली बसायचं आणि ढोलीतून कोण बाहेर पडतं ते टिपायचं. पॉसमला राहण्याजोगी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. एखाद्या तीन वर्षांच्या प्रकल्पात हे कळणार कसं? म्हणून हा अभ्यास वर्षानुवर्षं चालू राहिला.

ही जंगलं ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहेत, तिथे फेब्रुवारी २००९ मध्ये लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं दगावली आणि अभ्यासाचे अनेक पट्टेही जळाले. पण आधीच्या नोंदी हाताशी असल्यामुळे काय गेलं, काय परतलं हे ताडून पाहता आलं. तीव्र आगीत माउंटन अ‍ॅश मरतो आणि बियांतून नव्याने उगवतो. नव्या रोपांना पुरेसं बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याआधीच दुसरा वणवा आला, तर तिथलं जंगल संपतं.

या जंगलांतल्या लाकूडतोडीवरून दशकानुदशकं वाद झाले. अखेर १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाने सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड थांबवली.