डांबर संपतं तिथून पुढे: वसई-विरारच्या पूर्वेला ग्रॅव्हल सायकलिंग

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलेला आहे: विरारच्या आसपास ग्रॅव्हल रूट आहेत का, आणि असतील तर जीपीएक्स फाइल मिळेल का? ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा भाग थोडा साफसूफ करून लिहून काढलाय.

उत्तर हो असंच आहे. हायवे ओलांडून पूर्वेला गेलात की अर्ध्या तासात डोंगर, जंगल आणि कच्चे रस्ते सुरू होतात. पण फाइल मागण्याआधी एक प्रश्न विचारून बघू: तो रस्ता कच्चा का राहिला? याचं उत्तर कळलं की कुठे जायचं, कधी जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हेही बरंचसं कळतं.

मुरूम वेगळा, खडी वेगळी

'ग्रॅव्हल' हा शब्द सायकलवाल्यांमध्ये गाजला तो अमेरिकेतून. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात २००६ साली शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत सुरू झाली. आज ती अनबाउंड ग्रॅव्हल म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे मात्र एका 'ग्रॅव्हल'मध्ये दोन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली मुरूम. आपला सगळा डोंगर काळ्या बसाल्टचा. हा दगड ऊन-पावसात झिजून भुसभुशीत होतो, तो मुरूम. तो दाबला की चांगला बसतो आणि टायरला पकड देतो. सायकल चालवायला याच्यासारखी मजा नाही.

दुसरी खडी. ही क्रशरमधून निघते, ताज्या फोडलेल्या बसाल्टची, कडा धारदार. रस्त्याचं काम अर्धवट राहिलं की नुसता खडीचा थर उघडा पडतो. त्यावर चाक सरकतं आणि टायरची बाजू फाटते. नकाशावर दोन्ही 'अनपेव्ह्ड'च दिसतात, फरक तिथे गेल्यावर कळतो.

तिसरी गोष्ट चाकोरी. 'चाकोरीबद्ध आयुष्य' म्हणतो ना आपण, तीच. ट्रॅक्टर आणि बैलगाडीच्या चाकांनी पडलेली खोल रेघ. पाऊस संपल्यावर चिखल वाळतो आणि या चाकोऱ्या सिमेंटसारख्या कडक होतात. पुढचं चाक एकदा त्यात गेलं की हँडल वळत नाही. तेव्हा झटका देऊन बाहेर पडायला जाऊ नका, वेग कमी करा आणि जिथे कड बुजलीय तिथून बाहेर या.

हवा कमी करा

गुळगुळीत रस्त्यावर टायर जितका कडक तितका बरा, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. खडबडीत रस्त्यावर ते उलटं पडतं. कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो. तुमच्या पायांची ताकद पुढे जाण्याऐवजी सायकल आणि तुम्हाला वर उचलण्यात जाते. थोडा मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि सायकल सरळ पुढे सरकते.

४० मिलिमीटर रुंद टायर आणि ६५-७० किलो वजन असेल, तर ट्यूब असताना साधारण ४० ते ४५ पीएसआय आणि ट्यूबलेसमध्ये ३० ते ३५ पीएसआयपासून सुरुवात करून बघा. महागडी ग्रॅव्हल बाइक हवीच असं नाही. रुंद टायरची हायब्रिड किंवा साधी एमटीबी इथे मस्त चालते.

तीन दिशा

पहिली दिशा शिरसाड फाट्यावरून. हायवेवरून पूर्वेला वळलात की मांडवी, पारोळ, उसगाव करत वज्रेश्वरी. साधारण २० किलोमीटर. मुख्य रस्ता पक्का आहे आणि त्यावर गाड्याही असतात. उजव्या हाताला तुंगारेश्वरची डोंगररांग, डावीकडे तानसा नदीचं खोरं. खरी मजा आजूबाजूला पाड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर आहे: कुठे अर्धा किलोमीटर डांबर, मग मुरूम, मग शेताचा बांध. वज्रेश्वरीच्या देवीला चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलल्याचं सांगतात. वसईचा किल्ला १७३९ साली पडला. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, थकलेल्या पायांना बरी.

दुसरी दिशा तुंगारेश्वर. हायवेपासून आत वनखात्याचं गेट आहे, पुढे ओढे ओलांडत मंदिरापर्यंत दगडगोट्यांची वाट. हे अभयारण्य आहे, २००३ साली जाहीर झालेलं, साधारण ८५ चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला खाडीपलीकडचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा अभयारण्य, यांच्या मधला हा दुवा. बिबटे इथून ये-जा करतात. मंदिराच्या वाटेवर लोक रोज जातात. आतल्या बाकीच्या वाटांवर मात्र मनाने शिरायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातल्या प्रवेशावर बंधनं आहेत. गेटवर विचारा, नाही म्हणाले तर नाही.

तिसरी दिशा सफाळे. विरारच्या पुढे डहाणूच्या लाइनवर. तांदूळवाडी किल्ल्याच्या डोंगरातून वरई फाट्याकडे जाणारा घाटरस्ता पक्का आहे, पण चढ-उताराचा सराव करायला छान. आजूबाजूच्या गावांत कच्चे रस्ते भरपूर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मार्चनंतर सकाळी नऊलाच डोकं तापतं. पावसाळ्यात चिंचोटी, तुंगारेश्वरच्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात आणि ते उगाच नसतात, दरवर्षी तिथे माणसं बुडतात. ओढ्याचं पाणी डोंगरावरच्या पावसाने वाढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

डांबर नेमकं कुठे संपतं?

आता मूळ मुद्दा. पाड्याकडे जाणारा पक्का रस्ता बऱ्याचदा जंगलाच्या हद्दीवर येऊन थांबतो. निधी नसणं, ठेकेदाराने काम सोडणं ही कारणं असतातच, पण एक कारण कायद्याचं आहे.

१९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची मंजुरी लागते, आणि रस्ता हे 'दुसरं काम' झालं. अभयारण्य असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचीही पायरी येते. जंगल वाचावं म्हणून केलेला हा कायदा आहे आणि त्याने जंगल वाचलंही. पण याच जंगलात वारली, मल्हार कोळी, कातकरी समाजाचे पाडे आहेत, कायद्याच्या कितीतरी आधीपासून.

म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्यात एक वाट ठेवली. कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, रस्ता अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

आता गणित करून बघा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. रस्ता पाच मीटर रुंद धरला तर दोन किलोमीटर लांबी झाली की हेक्टर संपला. पाडा जंगलात तीन किलोमीटर आत असेल तर ही सोपी वाट पुरत नाही, मोठी मंजुरी लागते. म्हणजे आपण ज्याला 'सुंदर अनटच्ड ट्रेल' म्हणून स्टोरीवर टाकतो, ती कदाचित कोणाची तरी अडकलेली फाइल असते.

आणि फाइल अडकली की काय होतं हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यात एका बाईंना रस्ता नसल्याने झोळीतून न्यावं लागलं. वेळेआधी जन्मलेली जुळी बाळं वाचली नाहीत. ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर आपल्याकडे आहे, पण गाडी जिथपर्यंत रस्ता तिथपर्यंतच येते.

इटलीतलं बरोबर, इथलं वेगळं

इटलीत टस्कनी भागात पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून तिथल्या सायकलवाल्यांनी १९९७ साली 'लेरोइका' नावाची राइड सुरू केली. २००७ पासून त्याच रस्त्यांवर 'स्त्रादे बियांके' ही मोठी व्यावसायिक शर्यत होते. ग्रॅव्हलच्या जगात ही फार लाडकी गोष्ट आहे: सायकलवाल्यांनी रस्ते वाचवले.

ती इथे जशीच्या तशी आणायची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या पाड्याला बऱ्याचदा हा एकच रस्ता असतो. आपण रविवारी तीन तास येणार आणि 'हा रस्ता असाच राहू दे' म्हणणार, हे बरं दिसत नाही. अभयारण्याच्या आत, जिथे वस्ती नाही तिथे कच्ची वाट कच्चीच राहावी, हे म्हणणं ठीक. वस्तीच्या रस्त्याचं मात्र वस्तीने ठरवावं.

नकाशा काय सांगतो, काय नाही

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे थोडं खोलात. बरीच सायकलिंग ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात. त्यात कच्च्या रस्त्याला 'ट्रॅक' म्हणतात आणि ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत लावतात. १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती. ही माहिती कोणीतरी स्वयंसेवकाने भरलेली असते, कधी नुसता उपग्रहाचा फोटो बघून. फोटोत वाट दिसते, वनखात्याचा अडसर दिसत नाही. हीटमॅपवरची चमकणारी रेघ एवढंच सांगते की कोणीतरी आधी गेलंय. परवानगी होती का, ते सांगत नाही.

म्हणून मी आज जीपीएक्स फाइल टाकत नाहीये. त्याऐवजी एक काम सुचवतो. राइडवरून आलात की नकाशावर पाड्याचं नाव आहे का बघा. नसेल तर तिथल्या माणसांना विचारलेलं नाव भरा, रस्ता मुरूम की खडी ते भरा, मोरी कुठे खचलीय ते टाका. दहा मिनिटांचं काम आहे. आणि अभयारण्याच्या आतल्या गुप्त वाटा कुठेही शेअर करू नका.

निघण्याआधी

दोन लिटर पाणी, एक जादा ट्यूब आणि टायर आतून झाकायला एक तुकडा सोबत ठेवा. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, डोंगरामागे रेंज जाते. अंधाराआधी हायवेला या. मुरमाड जागेत फुरसं असू शकतं, वाटेवर बसताना बघून बसा. साप चावला तर दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

पाड्यातून जाताना वेग कमी करा. समोरून डोक्यावर मोळी घेतलेल्या मावशी आल्या तर तुम्ही बाजूला व्हा, त्यांना होऊ देऊ नका. 'राम राम' म्हणा, रस्ता विचारा. विहिरीवरच्या बायकांचे, पोरांचे न विचारता फोटो नकोत. चहा-वडा तिथल्याच टपरीवर घ्या.

पुढच्या वर्षी तुमच्या आवडत्या वाटेवर काळंकुळकुळीत नवं डांबर दिसलं तर स्ट्राव्हावर रडका इमोजी टाकू नका. त्या पाड्यापर्यंत आता १०८ ची गाडी जाईल. आपल्याला मुरूम दुसरीकडे शोधता येईल, डोंगर मोठा आहे.

भेटू पुढच्या भागात. हवा तपासून निघा.