कल्पनेला कुंपण घालता येईल का?

सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडताना कधी कधी आतून एखादे रंगीत पत्रक खाली पडते. जवळपास उघडलेल्या नव्या दुकानाची ती जाहिरात असते. दुकानदार अशी पत्रके गावभर वाटत नाही. जेथील लोक दुकानात येण्याचा संभव आहे, तेवढ्याच भागात ती टाकायला तो सांगतो. गिऱ्हाईक ओळखून जाहिरात करण्याची ही युक्ती जुनीच आहे. आता प्रश्न असा की, हीच युक्ती संगणकाकडून करवून घेतली, तर तो नवा शोध म्हणायचा काय? या प्रश्नावर अमेरिकेतील न्यायालयांत मोठे वाद झाले आहेत. ते समजण्यासाठी आधी दोन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे पेटंट. पेटंट किंवा एकस्व हा समाज आणि संशोधक यांच्यातील एक करारच असतो. संशोधकाने आपला शोध कसा चालतो ते उघड लिहून द्यायचे. त्याच्या मोबदल्यात, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची मुदत संपेपर्यंत इतरांना तो शोध त्याच्या परवानगीवाचून वापरता येत नाही. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. मात्र शोध नवा हवा आणि त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारा नसावा. निसर्गाचे नियम, गणिताची सूत्रे आणि नुसत्या कल्पना यांना पेटंट मिळत नाही. ओहमच्या नियमाचे पेटंट कोणालाही घेता येणार नाही. तो नियम वापरून बनवलेल्या नव्या उपकरणाचे घेता येईल.

दुसरी गोष्ट, संगणक गिऱ्हाईक ओळखतो कसा? तुम्ही इंटरनेटवर एखादे पान उघडता, तेव्हा मजकूर एका संगणकाकडून येतो आणि जाहिरात बहुधा दुसऱ्याच संगणकाकडून येते. हा दुसरा संगणक पहिल्या भेटीतच तुमच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवून देऊ शकतो. त्याला ‘कुकी’ म्हणतात. दवाखान्यातील केसपेपरच्या क्रमांकासारखा त्याचा उपयोग होतो. पुढे दुसऱ्याच संकेतस्थळावर तोच क्रमांक दिसला, की जुनी नोंद काढता येते : कोणती पाने पाहिली, कोणती जाहिरात किती वेळा दाखवून झाली. तुमचे नाव ठाऊक नसले तरी काम भागते. जाहिरात पोचवण्याच्या, नेमक्या माणसाला दाखवण्याच्या आणि मोजण्याच्या अशा पद्धतीसाठी अमेरिकेतील डबलक्लिक कंपनीने १९९६ मध्ये अर्ज केला. १९९९ मध्ये पेटंट मिळाले. ही कंपनी २००८ साली गूगलच्या ताब्यात गेली.

जागा एक आणि जाहिरातदार अनेक, असे झाले तर? १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोटू’ या शोधसेवेने सरळ लिलाव मांडला. जो जास्त बोली लावेल, त्याचे नाव यादीत वर! या पद्धतीचे पेटंट २००१ मध्ये मिळाले. पुढे कंपनीचे नाव ओव्हर्चर झाले आणि २००२ मध्ये तिने गूगलवर दावा लावला. गूगलने त्याच वर्षी बोलीबरोबर आणखी एक संख्या विचारात घ्यायला सुरुवात केली होती. ती संख्या म्हणजे जाहिरातीवर बोट दाबले जाण्याची शक्यता.

उदाहरण घेऊ. अ हा दर दाबणीला १० रुपये देतो, पण त्याची जाहिरात १०० पैकी दोघेच दाबतात. ब फक्त ४ रुपये देतो, पण १०० पैकी ८ जण दाबतात. १०० वेळा जाहिरात दाखवली, तर अ कडून मिळतील २० रुपये आणि ब कडून ३२! म्हणून ब वर. पाहा, हा साधा गुणाकारच आहे. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, २००४ मध्ये तडजोड झाली. ओव्हर्चर तोपर्यंत याहूने विकत घेतली होती. हा दावा आणि आणखी एक वाद मिटवताना गूगलने याहूला आपले २७ लाख शेअर दिले. एका पद्धतीवरील मालकीहक्काला केवढे मोल येऊ शकते, हे यावरून ध्यानात येईल.

मग मूळ प्रश्नाचे काय झाले? २०१४ मध्ये अ‍ॅलिस कॉर्पोरेशनच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, अमूर्त कल्पना सर्वसाधारण संगणकावर चालवली, एवढ्याने ती पेटंटयोग्य ठरत नाही. हा खटला पैशांच्या व्यवहारांविषयी होता. पण त्याचा परिणाम जाहिरातींवरही झाला. वाचक कोण आहे, त्याने आधी काय पाहिले, यावरून पानाचा मजकूर बदलण्याचे एक पेटंट होते. कॅपिटल वन बँकेविरुद्धच्या खटल्यात २०१५ मध्ये ते अपील न्यायालयात टिकले नाही. न्यायालयाने दाखला कशाचा दिला असेल? वर्तमानपत्रातील पत्रकांचा! गिऱ्हाईक कोठे राहते ते पाहून जाहिरात देणे जुनेच आहे, असे न्यायालय म्हणाले.

आपल्याकडे भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(क) नुसार गणिती रीत, व्यापाराची रीत, केवळ संगणकाचा प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना शोध मानले जात नाही. मात्र एखादे यंत्र खरोखर नव्या तांत्रिक रीतीने काम करीत असेल आणि त्यात प्रोग्राम असेल, तर तेवढ्यामुळे पेटंटचे दार बंद होत नाही. सीमारेषा आखणे अवघड जाते ते येथेच.

संशोधकाला श्रमाचे फळ मिळाले नाही, तर शोध गुपित राहतील. उलट गुणाकारालाच कुंपण घातले, तर उद्या तुमच्यापैकी एखाद्याने लिहिलेला छोटा प्रोग्रामही दुसऱ्याच्या आवारात शिरल्यासारखा ठरेल. म्हणून कोणतेही पेटंट वाचताना तीन प्रश्न विचारा. यात नवे काय आहे? संगणक बाजूला काढला तर काय उरते? आणि जे उरते ते शोध आहे, की वर्तमानपत्रात घडी घातलेले जुनेच पत्रक? पेटंटे कोणालाही वाचायला खुली असतात. वर्गात एखादे वाचून पाहा आणि या तीन प्रश्नांवर वाद घाला.