वारवनची वाट : डोंगर, नमाज आणि वाटाड्या

काश्मीर म्हटले की आपल्यासमोर दल सरोवर, गुलमर्ग आणि पहलगाम ही तीनच नावे येतात. लग्नानंतरची सहल असो वा शाळेच्या सुट्टीतली, गाडी तिथेच थांबते. याच काश्मीरच्या पूर्वेला, किश्तवाड जिल्ह्यात, वारवन नावाचे एक खोरे आहे. तिथे हॉटेलांची रांग नाही, शिकारा नाही, फोटोसाठी भाड्याने मिळणारे पोशाखही नाहीत. लाकडी घरांची मुस्लिम गावे, मक्याची शेते आणि मधून वाहणारी, पुढे चिनाबला मिळणारी नदी, एवढेच तिथे आहे. या खोऱ्यातून पायी निघून सात-आठ दिवसांत लडाखच्या सुरू खोऱ्यात उतरता येते. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतली मुलेही ही वाट विचारू लागली आहेत आणि त्यात आपल्या घरांतली मुलेमुलीही आहेत. पालक म्हणून त्यांना काय उत्तर द्यायचे, त्यासाठी हा लेख.

वाट कशी आहे?

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून अनंतनाग, कोकरनाग आणि मग मर्गन टॉप ही सुमारे बारा हजार फुटांवरची खिंड ओलांडून इंशान गावी पोहोचायचे. हा घाट हिवाळ्यात बर्फाने कित्येक महिने बंद असतो, म्हणून वारवनचे लोक धान्य, सरपण आणि जनावरांचा चारा आधीच भरून ठेवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या मुलवारवन गावाला मोठी आग लागली. हिवाळा तोंडावर असताना कितीतरी कुटुंबे उघड्यावर आली. लाकडाची घरे, शेजारी साठवलेला चारा आणि लांब असलेली अग्निशमनाची गाडी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते त्या दिवशी दिसले.

सुखनई हे खोऱ्यातले शेवटचे गाव. त्यानंतर घरे संपतात आणि बकरवालांचे उन्हाळी मुक्काम लागतात. जम्मूकडच्या सखल भागातून मेंढ्या-बकऱ्या घेऊन हे लोक दरवर्षी इथवर चालत येतात. पुढे कुरणे, नदीचे पात्र, मग भोट कोल हिमनदी आणि चौदा हजार फुटांच्या वरची लोनविलाड गली ही खिंड. खिंडीच्या अलीकडे हिरवे काश्मीर आणि पलीकडे उघडेबोडके, तांबूस लडाख. उतरल्यावर पनिखर गाव येते. वारवनमध्ये काश्मिरी बोलणारे सुन्नी, तर सुरू खोऱ्यात पुर्गी बोलणारे, बहुतांश शिया. एका खिंडीच्या दोन बाजूंना भाषा वेगळी, पीक वेगळे, अजानची ढब वेगळी. पाहुण्यापुढे चहा ठेवायची रीत मात्र दोन्हीकडे सारखी.

उंचीची भीती कोणती बाळगावी?

घरच्यांना भीती वाटते ती कड्यावरून पडण्याची. या वाटेवर खरा धोका विरळ हवेचा आहे. खिंडीवर समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात आणि ही सवय तालमीने विकत घेता येत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुणही आजारी पडतो आणि पन्नाशीचा माणूस सावकाश चालत सुखरूप उतरतो.

सर्वसाधारण नियम असा : दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात दीड हजार फुटांपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, चक्कर ही पहिली लक्षणे. ती असताना वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर पहाटेची वाट न पाहता त्याला खाली न्यायचे. सोबत प्राणवायू असेल तर तो द्यावा, पण त्या भरवशावर उतरणे लांबवू नये. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दमा, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सुखनईनंतर पनिखरपर्यंत रस्ता नाही आणि फोनही लागत नाही. आजारी माणसाला न्यायचे तर घोड्यावर किंवा खांद्यावर. म्हणून परत फिरायचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. तो घेणाऱ्याला भित्रा म्हणू नये, हे मुलांना घरातूनच सांगून पाठवावे. जीव ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण एरवी सांगतोच.

वाटाड्याशिवाय नाही

या वाटेवर एकट्याने जाऊ नये. हिमनदीवरची भेग कुठे आहे, नदी सकाळी कुठे ओलांडायची (दुपारी बर्फ वितळून पाणी चढते), हे तिथलाच माणूस जाणतो. हिमालयातल्या वाटाड्यांच्या इतिहासात एक नाव आपल्या मुलांना जरूर सांगावे : गुलाम रसूल गलवान. लेहचा हा गरीब मुलगा परदेशी प्रवाशांबरोबर ओझी वाहत मोठा झाला, काफिल्याचा प्रमुख बनला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने लिहिलेली आत्मकथा १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गलवान नदी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरे नाव अलीकडचे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते, दोघे आपल्या पुण्याचे. त्याच ठिकाणी सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला पुढे झाला आणि मारला गेला. तो घरातला कमावता मुलगा होता. त्या घटनेनंतर काश्मीरमधली अनेक ठिकाणे बंद करण्यात आली आणि घोडेवाले, स्वयंपाकी, वाटाडे यांचा हंगाम बुडाला. म्हणून निघण्यापूर्वी त्या हंगामात वाट खुली आहे का, परवानगी लागते का, हे प्रशासनाकडून लेखी समजून घ्यावे. कुणाच्या तोंडी भरवशावर निघू नये.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : प्रमुखाने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का? प्राणवायू आणि रक्तातला प्राणवायू मोजायचे यंत्र सोबत आहे का? एका वाटाड्यामागे किती माणसे? घोडेवाल्याला रोज किती मिळतात? शेवटचा प्रश्न अनेकांना आगाऊपणाचा वाटेल. मजुराला मजुरी वेळेवर देण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, तेव्हा तो विचारणे आपले कामच आहे.

नमाज आणि जेवण

प्रवासात जोहर, असर आणि इशाचे चार रकात फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. थंडीने अपाय होण्याची खरी भीती असेल तर तयम्मुमची सवलत आहे. वुजू करून घातलेल्या चामड्याच्या मोज्यांवर मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसह करता येतो. बुटांबाबत आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवावे. किबल्याची दिशाही इथल्यासारखी नाही. पुण्यात आपण पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे तोंड करतो, वारवनमध्ये ती पश्चिमेच्या किंचित दक्षिणेकडे येते. होकायंत्र सोबत ठेवावे. हलाल जेवणाची चिंता या खोऱ्यांत नसते. तरीही उंचीवर डाळ-भात आणि गरम पाणीच पोटाला मानवते.

मुलींना पाठवावे का?

२०१३ च्या मे महिन्यात साताऱ्याची प्रियांका मोहिते एव्हरेस्टवर पोहोचली. त्याच महिन्यात हुंझाकडच्या शिमशाल गावची समीना बेगही भावासोबतच्या मोहिमेत तिथे पोहोचली. आपल्या मुलींनी थेट एव्हरेस्ट गाठावे असे कुणी म्हणत नाही. पण वडिलांबरोबर, भावाबरोबर किंवा महिलांच्या गटाबरोबर जायची इच्छा तिने बोलून दाखवली, तर पहिले उत्तर "नाही" असू नये. भावाला जे प्रश्न विचारतो तेच तिलाही विचारावेत : तब्येत कशी, सराव किती, सोबत कोण?

सराव इथेच सुरू होतो. कसबा पेठेतून फजरनंतर निघाले तर ऊन चढण्याआधी पर्वती चढून परत येता येते. दर रविवारी पाठीवर आठ किलोचे ओझे घेऊन आतकरवाडीतून सिंहगड, असे तीन महिने करावे. पुण्याबाहेरच्यांनी जवळचा गड निवडावा. बूट याच काळात घालून मोडवावेत. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून गटात एकाकडे तरी पोस्टपेड असावे. परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवावेत, म्हणजे खिंडीवर हवा बिघडली तर गाडी चुकेल या धास्तीने कुणी पुढे रेटणार नाही. आणि गटातला एक माणूस आजारी पडला तर त्याच्यासोबत कोण उतरणार, हे पुण्यातच ठरवून निघावे.