इमारत नंतर आली, दप्तर आधी होतं

मंडळी, घाटनांदूर म्हटलं की आधी रेल्वे स्टेशन आठवतं. परळीहून विकाराबादकडे जाणाऱ्या मार्गावरचं, अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव. आज मात्र बोलायचंय ते गावातल्या सरकारी कचेरीबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, कचेरी म्हणजे ग्रामपंचायतीची इमारत. पण निजामाच्या राज्यात आपल्या भागात कचेरी म्हणजे माणसं होती: माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. चावडी होती, पण ती बसण्या-उठण्याची, वसुलीची, पंचनाम्याची जागा. खरं दप्तर, म्हणजे कापडात बांधलेले बस्ते, बहुतेक गावांत पटवाऱ्याच्या घरी असे. काम पिढीजात, त्यामुळे कागदही घरचेच झाले. नक्कल हवी तर कुळानं त्याच्या दारात उभं राहायचं. मजकूर मोडीत नाहीतर उर्दूत, म्हणजे समोर ठेवला तरी वाचता येईना!

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. मग 1958 चा ग्रामपंचायत कायदा आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. पंचायत स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवणारी संस्था झाली. वतनं गेली, पगारी तलाठी आला. दप्तर वाड्यातून सार्वजनिक खोलीत आलं. माझ्या मते इमारतीचा खरा इतिहास हाच आहे. विटा-सिमेंट दुय्यम.

याचं मोल 2023 मध्ये कळलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला लागले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकावे लागले. एका जुन्या ओळीवर पोराचा दाखला अवलंबून!

तुम्हालाही शोध घेता येईल. कोनशिला बघा, पंचायतीचं ठरावांचं प्रोसिडिंग बुक मागा. जमिनीचे कागद तलाठ्याकडे, घराचा नमुना 8 ग्रामपंचायतीत, ही गल्लत करू नका. कागदावर फसली सन असेल तर 590 मिळवा: फसली 1355 म्हणजे 1945-46.

आणि एक विनंती. जुन्या इमारतीच्या निर्लेखनाचा ठराव ग्रामसभेत आला, की पहिला प्रश्न विचारा: आतले बस्ते कुठे हलवणार? भिंत पुन्हा बांधता येते. वाळवीनं खाल्लेली नोंद पुन्हा लिहिता येत नाही.